करवंदाची जिन आणि बाकीच्या बरण्या

गेल्या अंकात करवंदाच्या सरबताबद्दल लिहिताना जाता जाता एक ओळ लिहिली होती की थोडी करवंदं मी दरवर्षी जिनमध्ये घालून ठेवते. सरबताबद्दल दोन पत्रं आली आणि जिनबद्दल एवढी आली की यावेळचं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत.

प्रश्न: ताई, करवंदाची जिन नेमकी घालायची कशी? प्रमाण सांगा ना. आणि त्यासाठी महागातली जिन लागते का? (एक वाचक, कोथरूड)

आधी करवंदच का, ते सांगते, कारण ते कळलं की बाकी फळांचं आपोआप कळतं. इंग्लंडमध्ये स्लो नावाचं एक फळ असतं, काटेरी झुडपावर येतं, छोटंसं, निळंकाळं, आणि इतकं तुरट की नुसतं तोंडात टाकलं तर जीभ आकसते. ते नुसतं कोणी खात नाही पण त्याची जिन मात्र तिकडे घरोघरी घालतात, आपल्याकडे लोणचं घालतात तशी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली डोंगरची काळी मैनाच डोळ्यासमोर आली. काटेरी जाळी, जाड साल, आंबट-तुरट गर, आणि रंग तर असा की बोटं दोन दिवस जांभळी राहतात. दारूत मुरवायला असंच फळ हवं. गोडी नंतर साखरेने आणता येते हो, पण आंबटपणा आणि तुरटपणा फळातच असावा लागतो, तो वरून घातला की वरून घातल्यासारखाच लागतो.

करवंदं मुळशी, वेल्हे, भोर या बाजूच्या बायका पाटीतून घेऊन येतात, पुण्यात मंडईच्या आसपास मिळतात, सिंहगडाच्या वाटेवर पानाच्या द्रोणात मिळतात. पूर्ण काळी झालेलीच घ्या, लाल-हिरवी लोणच्याला ठेवा. देठाशी पांढरा चीक असतो तो नीट काढायचा, म्हणजे देठ खुडून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायची, चोळून दोनतीन पाण्यांनी धुवायची आणि पंचावर पसरून अगदी कोरडी करायची. मग पिशवीत भरून रात्रभर फ्रीझरमध्ये. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रंग उतरत नाही म्हणून पत्र पाठवतात. गोठलं की फळातल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि ते आतून पेशी फोडतात, त्यामुळे बाहेर काढून नरम झालेलं करवंद आपसूक रस सोडतं. जुन्या पद्धतीत लोक पहिलं दव गोठेपर्यंत थांबायचे किंवा एकेका फळाला काट्याने टोचायचे, फ्रीझर तेच काम एका रात्रीत करतो.

आता प्रमाण. ७५० मिलीची एक बाटली जिन, ४०० ग्रॅम करवंदं, आणि सव्वा ते दीड लिटरची काचेची रुंद तोंडाची बरणी. करवंदं घाला, वरून जिन ओता, सगळी फळं बुडली पाहिजेत, झाकण घट्ट, आणि बरणी अंधाऱ्या कपाटात. पहिला आठवडाभर रोज एकदा उलटीसुलटी करा. दुसऱ्या दिवशी जिन गुलाबीसर दिसते, आठव्या दिवशी डाळिंबाच्या रसासारखी, आणि तिसऱ्या आठवड्यात बरणी दिव्यासमोर धरली तरी पलीकडचं दिसत नाही. दहाव्या दिवसापासून एकेक चमचा चाखायला सुरुवात करा. माझी साधारण तीन ते चार आठवड्यांत होते, पण तुमची कधी होईल ते तुमची करवंदं ठरवणार, कॅलेंडर नाही. फळाची चव पुढे आली आणि जिभेच्या कडेला तुरटपणा हलकासा लागला की थांबायचं. तुरट जरा जास्तच वाटायला लागलं तर त्याच संध्याकाळी गाळा, उद्यावर टाकू नका.

गाळायची मलमलच्या कापडातून, न पिळता. मला माहितीये हात शिवशिवतात, पण पिळलं की गर उतरतो आणि मग ती महिनाभर गढूळ राहते. साखर आत्ता, गाळल्यावर, आधी १०० ग्रॅम, चाखून मग वाटलं तर अजून ५०. बऱ्याच जणी साखर सुरुवातीलाच फळांबरोबर घालतात, तसंही होतं, पण मग चाखताना फळ किती उतरलंय ते कळतच नाही, नुसती गोडीच कळते. बाटलीत भरून काही महिने विसरून जा. मेमध्ये घातलेली मी दिवाळीला उघडते, तोवर तिचा कडकपणा जाऊन ती छान मवाळ झालेली असते.

जिन साधी, लंडन ड्राय घ्या, बिफीटर किंवा ग्रेटर दॅन चालेल. लंडन ड्राय हे गावाचं नाव नाही बरं का, पद्धतीचं आहे, ग्रेटर दॅन तर गोव्यात होते. या प्रकारात डिस्टिलेशन झाल्यावर वरून स्वाद किंवा रंग घालत नाहीत, म्हणून आपल्या फळाला जागा मिळते. फार महागाची, दहा मसाल्यांची जिन यात वाया जाते, आणि लिंबाचा नाहीतर संत्र्याचा तयार स्वाद असलेली स्वस्त जिन अजिबात नको, तो स्वाद करवंदाशी भांडतो. मूळ वास ज्युनिपर या झुडपाच्या फळांचा, ज्याला आपल्याकडे संस्कृतात हपुषा म्हणतात, तेवढा असला की पुरे.

प्रश्न: घरी दारू बनवणं गुन्हा आहे ना? आणि त्यातून विषबाधा झाली तर? घरचे घाबरतायत. (सदाशिव पेठ)

घाबरतायत ते चांगलंच आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. घरी दारू गाळणं, म्हणजे भट्टी लावणं, हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने. आपण इथे भट्टी लावत नाही किंवा काही आंबवत नाही. दुकानातून सीलबंद बाटली आणायची आणि त्यात फळ भिजवायचं, नवीन अल्कोहोल त्यात तयारच होत नाही, कारण इतक्या कडक दारूत आंबवणारं यीस्ट जगत नाही. त्यामुळे बाटली लायसन्स असलेल्या दुकानातूनच, बिल घेऊन. दारू पिण्याचं परमिट काढून ठेवा, एक दिवसाचं मिळतं, वर्षाचं मिळतं, आजीवन मिळतं. आणि एक बाटली शेजाऱ्यांना विकून बघू असा विचार कितीही मनात आला तरी विकायची नाही, त्याला लायसन्स लागतं.

प्रश्न: मी ७५० मिलीत तब्बल एक किलो जांभळं घातली, पंधरा दिवसांनी वर पांढरट साय आली आणि आंबूस वास येतोय. गाळून वापरू का? (हडपसर)

नाही, टाकून द्या. वाईट वाटतं, एवढी जांभळं आणि एवढी जिन, पण टाकाच.

का झालं ते समजून घ्या म्हणजे पुन्हा होणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक जिनवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, लेबल बघा. म्हणजे ७५० मिलीत साधारण ३२१ मिली अल्कोहोल. ताज्या फळात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणीच असतं आणि ते पाणी हळूहळू जिनमध्ये उतरतं. मी सांगितलेल्या ४०० ग्रॅमचं धरलं तर ३४० मिली पाणी, म्हणजे शेवटी जिन राहते २९ टक्क्यांच्या आसपास, १५० ग्रॅम साखर घातली की २७. एवढं ठीक आहे, युरोपात स्लो जिन म्हणून विकायची तर किमान २५ टक्के लागते, आपण त्याच घरात आहोत. तुम्ही किलोभर घातलीत तर साडेआठशे मिली पाणी, म्हणजे २० टक्के. त्यात बरणी गच्च भरली असणार, वरची जांभळं जिनच्या बाहेर उघडी राहिली असणार, आणि जिथे फळ हवेला उघडं पडतं तिथेच बुरशी बसते. लोणच्यात फोडी तेलाखाली ठेवतो ना, अगदी तोच नियम आहे, फळ जिनखाली पाहिजे. तरंगत असेल तर वर एक छोटी काचेची वाटी उपडी ठेवा.

बरणी धुवून पूर्ण वाळलेली हवी हे तुम्हाला सांगायला नको. काचेचीच घ्या, रविवार पेठेत बोहरी आळीत हव्या त्या मापाची मिळेल. तांब्या-पितळेचं, ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट फळ आणि दारू दोन्ही त्याला खातात. प्लॅस्टिक नको. आजीची चिनी मातीची बरणी कितीही सुंदर असली तरी जुन्या ग्लेझमध्ये शिसं असू शकतं, ती लोणच्यालाही मी आता वापरत नाही.

पुन्हा करायची असेल तर जांभळाचा मोसम आत्ता सुरूच आहे. ४०० ग्रॅमच घ्या, फ्रीझरमधून काढून हाताने बिया काढा, हात रंगतील पण बी फार तुरट असते, पंधरा दिवस बियांसकट ठेवलं तर पिताना घसा आवळल्यासारखा होतो. दहाबारा दिवसांत होते. आणि करवंदापेक्षा साखर कमी लागते.

प्रश्न: जांभूळ शुगरला चांगलं असतं म्हणतात, मग सासऱ्यांना जांभळाची जिन रोज थोडी दिली तर? वय ६४ आहे, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. (बिबवेवाडी)

नका देऊ. जांभूळ खायचं तर फळ म्हणून खाऊ द्या. दारू लिव्हरला साखर तयार करण्याच्या कामात अडवते, आणि वरून शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, रिकाम्या पोटी तर जास्तच. चक्कर, घाम, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं मग चढल्यासारखी दिसतात आणि घरचे म्हणतात झोपू दे, तिथेच धोका आहे. ते आधीपासून कधीतरी घेत असतील तर त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवून स्पष्ट विचारा. औषध म्हणून घरात कोणाला जिन द्यायची नाही, कुठल्याच फळाची.

प्रश्न: मार्चमध्ये महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरी आणून घातली होती. पहिले चार दिवस इतका सुंदर लाल रंग होता, आता जूनमध्ये बघते तर चहासारखी तपकिरी झालीय आणि स्ट्रॉबेरी पांढऱ्याफटक. काय चुकलं? (औंध)

हे माझंही झालंय, म्हणून तुमचं पत्र वाचताना ती बरणीच डोळ्यासमोर आली. पहिल्या वर्षी मी पण तिला करवंदासारखीच महिनाभर ठेवली होती, खिडकीत, कारण दिसायला छान दिसत होती. महिन्याने एक स्ट्रॉबेरी चमच्याने काढली तर ती ओल्या कापसासारखी, दाबली तर विरघळली, तिच्यात वास नाही चव नाही, आणि जिनला उकडलेल्या फळासारखा जड वास. तीन दिवस जिने घर दरवळून टाकलं होतं तीच ती. फार हळहळ वाटली होती मला.

स्ट्रॉबेरी पांढरी होणं ही चूक नाही, तिचा रंग जिनमध्ये जातो तो जायलाच हवा. पण पांढरी पडली म्हणजे तिने जे द्यायचं ते दिलं, त्याच दिवशी तिला बाहेर काढायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, फार तर पाचव्या. तिचा लाल रंग उजेडाने आणि हवेने लवकर मरतो, म्हणून अंधार पाहिजे आणि गाळल्यावर बाटली काठोकाठ भरून फ्रीजमध्ये, दोनतीन महिन्यांत संपवायची. ही ठेवणीतली जिन नाहीच. नाजूक फळं, सालं, पानं यांना दिवस मोजून नाही तर तास मोजून वागवावं लागतं. संत्र्याचं किंवा लिंबाचं साल दोन दिवस, आणि तेही सोलाण्याने वरचं पिवळं तेवढंच, आतलं पांढरं गेलं की कडू. काकडी एक दिवस. आलं एक दिवस. हिवाळ्यातला गुलाबी पेरू दोन दिवस, आणि तो मात्र करूनच बघा, थंड सोड्यात ती जिन घालून ग्लासच्या काठाला तिखटमीठ लावलं तर शाळेबाहेरची गाडी आठवते.

तुमची तपकिरी झालेली पिऊन अपाय नाही, वास आंबूस नसेल आणि बुरशी नसेल तर. पण ती परत लाल होणार नाही.

प्रश्न: हापूसची करता येईल का? (तिघांनी विचारलंय)

हापूस खा. खरंच सांगते, डझनाला एवढे पैसे मोजून तो जिनमध्ये घालू नका. त्याचा गर जिनमध्ये विस्कटतो, गाळता गाळता अर्धी जिन फडक्यातच राहते आणि जे उरतं त्यात आंब्याचा नुसता भास असतो. आंबाच हवा असेल तर कैरी घ्या, देठाचा चीक काढून, साल ठेवून पातळ चकत्या, एक कैरी एका बाटलीला, दीड-दोन दिवस, बास. तिची आंबट हिरवी चव जिनच्या वासाबरोबर फार छान बसते. बर्फ, सोडा, चिमूटभर भाजलेलं जिरं.

प्रश्न: आजोळ मालवणचं, घरी आमसुलं भरपूर. ती घातली तर जिन खारट झाली! आता? (वारजे)

झालीच असणार, कारण तुमच्या घरची आमसुलं मीठ लावलेली आहेत. बाजारातल्याही बऱ्याच आमसुलांना मीठ असतं आणि आगळात तर असतंच. झालेली जिन टाकू नका, थोडी थोडी, पंधरावीस मिली, गार सोड्यात आणि साखरेच्या पाकात घालून वापरा, मीठ सरबतासारखं लागेल.

पुढच्या मेमध्ये ताजे रातांबे, म्हणजे कोकमाची ओली फळं, मिळाले तर त्यांचं करा. बिया आणि आतला पांढरा गर काढून टाका, नुसती सालं घ्या, पाच-सहा रातांब्यांची सालं एका बाटलीला आणि तीन दिवस. नाहीतर ओळखीच्या माणसाकडून बिनमिठाची आमसुलं मागवा, सातआठ पुरतात, दोन दिवस. रंग बघाल तर हरखून जाल, माणकासारखा. ही टॉनिक वॉटरमध्ये, म्हणजे जिनबरोबर घेतात त्या कडवट सोड्यात, नको, टॉनिकमधलं क्विनाइन कडू आणि कोकम आंबट, दोघं एकमेकांना वर येऊ देत नाहीत. साधा सोडा आणि दोन पुदिन्याची पानं.

प्रश्न: मी २३ वर्षांची आहे, हॉस्टेलला राहते, रूममेटच्या वाढदिवसाला सरप्राइज म्हणून करायचंय, छोट्या प्रमाणात कसं करू? (कर्वेनगर)

अगं, महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, बियरला २१. जिन कडक दारूत येते. त्यामुळे तुला मी जिनचं प्रमाण देणार नाही, पण वाढदिवस मोकळा जाऊ देणार नाही. २५० ग्रॅम जांभळं बिया काढून हाताने कुस्कर, त्यात तेवढीच साखर घालून झाकून एक दिवस फ्रीजमध्ये ठेव, दुसऱ्या दिवशी गाळ आणि त्यात चार चमचे सफरचंदाचं व्हिनेगर घाल. हे दोन चमचे, उंच ग्लास, भरपूर बर्फ, गार सोडा आणि एक लिंबाची फोड. व्हिनेगरमुळे त्याला तो घशाला लागणारा चटका येतो जो नुसत्या सरबताला नसतो, मोठ्यांच्या पार्टीलाही मी हे करते आणि जिनवालेसुद्धा मागून घेतात. निळं काही हवं असेल तर गोकर्णीची पाचसहा फुलं गरम पाण्यात टाक, पाणी निळंशार होईल, आणि सगळ्यांसमोर त्यात लिंबू पिळ, डोळ्यांदेखत जांभळं होतं. आंबट लागलं की त्या फुलाचा रंग बदलतो, बास एवढंच त्यात आहे, पण बघणारे टाळ्या वाजवतात.

प्रश्न: गाळून उरलेल्या करवंदांचं काय करू? टाकवत नाहीत. (कोथरूड, पहिल्याच वाचकाचं दुसरं पत्र)

टाकू नका, त्यात अजून भरपूर जिन आहे. मी गुळात आणि लाल तिखटात घालून मंद आचेवर पाच मिनिटं परतते आणि त्याची चटणी चीजबरोबर किंवा थालीपिठाबरोबर घेते. नाहीतर कोरडी करून वितळलेल्या डार्क चॉकलेटमध्ये बुडवून बटर पेपरवर ठेवा. दोन्ही फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतं. फक्त डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की यात दारू आहे, कारण काळी करवंदं दिसली की मुलं विचारायला थांबत नाहीत, आणि परतल्यावरही अल्कोहोल पूर्ण उडत नाही. बाटल्यांवरही फळ, घातल्याची तारीख आणि गाळल्याची तारीख लिहा. मागच्या वर्षी माझ्याकडे तीन सारख्याच जांभळ्या बाटल्या होत्या आणि कुठली करवंदाची ते उघडल्याशिवाय कळत नव्हतं, त्या नादात करवंदाची दिवाळीआधीच, गणपतीत उघडली गेली आणि ती अजून कडक होती.